एका ओळीचा इतिहास

प्लेग हा रोग उंदरांच्या अंगावरील पिसवांमुळे पसरतो, हे वाक्य आम्ही मास्तर मंडळी वर्गात किती सहजपणे सांगून जातो! मुलेही ते तितक्याच सहजपणे पाठ करतात, परीक्षेच्या कागदावर उतरवतात आणि एक गुण पदरात पाडून घेऊन मोकळी होतात. मी काही शास्त्राचा माणूस नव्हे. मॅट्रिकपर्यंत शिकलो, पोटासाठी मास्तरकी पत्करली आणि हौसेखातर कादंबऱ्या लिहीत आलो. परंतु प्लेगच्या काळावर एक कादंबरी लिहावी म्हणून जुने अहवाल आणि ग्रंथ चाळू लागलो, तेव्हा ह्या एका ओळीने मला असे काही धरून ठेवले की कादंबरी राहिली बाजूला आणि मी त्या ओळीच्याच मागे लागलो.

आपल्या भाषेत ‘शोध लागला’ असे म्हणण्याची रीत आहे. ठेच लागावी, तहान लागावी, तसा तो आपोआप लागत असावा, असा काहीसा भास त्या शब्दांत आहे. ह्या ओळीचा इतिहास पाहिला म्हणजे कळते की शोध लावावा लागतो, आणि लावल्यानंतर तो सिद्ध करून दाखवावा लागतो. हे दुसरे काम पहिल्याहून कठीण. प्लेगच्या बाबतीत पहिल्याला चार वर्षे लागली आणि दुसऱ्याला आठ. त्या आठ वर्षांत आपल्या देशात लाखो माणसे मेली. म्हणून हा इतिहास नुसता कुतूहलाचा विषय राहत नाही.

१

सप्टेंबर १८९६. मुंबईच्या मांडवी भागात अकासिओ व्हिएगस ह्या गोमंतकीय डॉक्टरांनी ताप आणि गाठ घेऊन दगावणारे रोगी पाहिले आणि हा प्लेग आहे असे स्पष्टपणे सांगितले. मांडवी म्हणजे बंदराला लागून असलेली धान्याच्या वखारींची दाट वस्ती. प्रथम त्यांच्या म्हणण्यावर विश्वास बसेना. जाणकारांकडून खात्री करून घेण्यात आली तेव्हा बसला. पण तोवर रोगाने शहरात पाय पसरले होते. जुन्या मराठी लिखाणात ह्या रोगाला ‘ग्रंथिक सन्निपात’ असे भारदस्त नाव आढळते. सामान्य माणसाला त्यातली ‘गाठ’ तेवढी कळली, आणि ती पुरेशी होती. लाखो लोक मुंबई सोडून गावाकडे पळाले.

रोगाचा जंतू तेव्हा अज्ञात होता असे मात्र नाही. दोनच वर्षांपूर्वी, १८९४ साली, हाँगकाँगच्या साथीत अलेक्झांडर येर्सँ ह्या तरुण डॉक्टराने रोग्यांच्या गाठींतून तो जंतू वेगळा काढला होता. किटासाटो ह्या जपानी शास्त्रज्ञाचेही त्याच सुमारास तेच काम चालले होते. येर्सँला तोच जंतू मेलेल्या उंदरांतही आढळला. म्हणजे चोर सापडला होता. तो घरात शिरतो कोणत्या वाटेने, एवढेच ठाऊक नव्हते.

‘एवढेच’ असे आपण आज म्हणतो. पण सरकारचे सारे उपाय त्या वाटेवरच अवलंबून होते. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथीच्या रोगांचा कायदा झाला. घरांच्या झडत्या सुरू झाल्या, सामान बाहेर काढून जाळण्यात आले, भिंतींना चुना फासला गेला, जमिनी आणि गटारे कार्बोलिकने धुतली गेली. पुण्यात रँडच्या कारकिर्दीत गोरे शिपाई देवघरापर्यंत पोहोचले आणि २२ जून १८९७ च्या रात्री चाफेकरांच्या गोळ्या सुटल्या. त्याआधी १० मार्चला प्लेगच्या रोग्यांची शुश्रूषा करता करता सावित्रीबाई फुले त्याच रोगाने गेल्या होत्या. हा इतिहास मराठी वाचकाला नव्याने सांगावयास नको. त्यातली एक गोष्ट मात्र सहसा सांगितली जात नाही. ह्या सगळ्या जुलमामागे एका प्रश्नाचे उत्तर गृहीत धरलेले होते : रोग घाणीतून, जमिनीतून, कपड्यालत्त्यातून आणि माणसाच्या स्पर्शातून येतो. ते उत्तर कोणी तपासून पाहिलेले नव्हते.

२

लोकांना काहीच कळत नव्हते, असे समजण्याचे कारण नाही. घरात उंदीर पडू लागले की घर सोडावे आणि रानात झोपडी घालून राहावे, हे शहाणपण त्यांच्यापाशी होते. हिमालयाच्या पायथ्याशी कुमाऊँ-गढवालकडील खेडूत तर ह्या रोगाला पूर्वीपासून ओळखत होते आणि उंदीर मरू लागताच गाव मोकळा करीत. हे निरीक्षण अचूक होते आणि त्याने पुष्कळांचे प्राण वाचले. परंतु उंदीर आधी मरतो आणि माणूस मागून मरतो एवढ्यावरून उंदराचा रोग माणसाला होतो असे ठरत नाही. दोघेही एकाच दूषित जमिनीवर वावरतात. उंदराचे नाक जमिनीशी म्हणून तो आधी मरतो, माणसाचे वर म्हणून तो नंतर, असेही म्हणता येईल. तसे म्हणणारे होतेही.

त्याहून आकर्षक उपपत्ती अनवाणी पायांची होती. गाठ बहुधा जांघेत येते. जांघेच्या गाठींकडे पायांचा निचरा होतो. गरीब हिंदी माणूस अनवाणी चालतो, त्याच्या पायाला भेगा असतात. साहेब बूट घालतो आणि त्याला प्लेग क्वचित होतो. तेव्हा शेणाने सारवलेल्या जमिनीतला जंतू पायाच्या भेगेतून शरीरात जात असला पाहिजे! पुष्कळ डॉक्टरांनाही हे पटण्यासारखे वाटे.

कादंबरी लिहिणाऱ्या माणसाला अशा कथानकाचा मोह पडावा, ह्यात नवल नाही. प्रत्येक धागा दुसऱ्यात गुंफलेला, एकही गाठ सुटी नाही. वाचकाने मान डोलावली की आमचे काम झाले. शास्त्रज्ञाचे काम तेथून सुरू होते. जुळून आलेल्या कथेला तो विचारतो, ‘बाई, तू खोटी असतीस तर मला ते कशावरून कळले असते?’ ह्या प्रश्नाला उत्तर नसेल, तर कथा कितीही सुबक असो, ती त्याच्या उपयोगाची नाही.

३

हा प्रश्न प्लेगला प्रथम नीट विचारला तो पोल-लुई सिमाँ ह्या फ्रेंच लष्करी डॉक्टराने. पॅरिसच्या पाश्चर संस्थेने १८९७ मध्ये त्याला येर्सँच्या जागी हिंदुस्थानात पाठविले, तेव्हा त्याची चाळिशी जवळ आली होती. काम होते प्लेगवरील लस टोचून पाहण्याचे. ते करता करता त्याने दोन बारीकशा गोष्टी टिपल्या.

काही रोग्यांच्या अंगावर, बहुतेक पायावर, टाचणीच्या डोक्याएवढा एक फोड असे. तो फोड गाठीच्या आधी येई आणि त्यातल्या पाण्यात प्लेगचे जंतू सापडत. आकारावरून तो एखाद्या किड्याच्या दंशासारखा दिसे. दुसरी गोष्ट उंदरांविषयीची. लोकरीच्या एका कारखान्यात सकाळी जमिनीवर बरेच उंदीर मरून पडलेले आढळले. वीस मजुरांना ते उचलावयास लावले. तीन दिवसांत त्यांतल्या दहांना प्लेग झाला, बाकीच्या कामगारांपैकी कोणालाही नाही. उलट, मरून बराच वेळ झालेला उंदीर हाताळल्याने काही होत नाही, असेही त्याला दिसले. जंतू उंदराच्या देहातच असतील तर ताजा उंदीर घातक आणि शिळा निरुपद्रवी, असे का व्हावे? ताज्या उंदराच्या अंगावर असे काय असते की जे शिळ्याच्या अंगावर नसते? उंदीर गार झाला की त्याच्या अंगावरील पिसवा त्याला सोडून जातात.

हे झाले अनुमान. अनुमानाला प्रश्न विचारण्याची वेळ कराचीत आली. २ जून १८९८ रोजी तेथल्या रेनॉल्ड्स हॉटेलात सिमाँने एक प्रयोग मांडला. प्लेगच्या रोग्याच्या घरात सापडलेला एक आजारी उंदीर त्याने तळाशी वाळू घातलेल्या काचेच्या मोठ्या बरणीत ठेवला. उंदराच्या अंगावर पिसवा होत्या. त्या पुरेशा असाव्यात म्हणून हॉटेलातल्या एका मांजराकडून त्याने आणखी काही उसन्या घेतल्या. उंदीर आसन्नमरण झाला तेव्हा त्याच बरणीत जाळीचा एक लहानसा पिंजरा टांगून त्यात एक निरोगी उंदीर सोडला. दोघांचा एकमेकांना स्पर्श होणे शक्य नव्हते. जाळीतून जा-ये करू शकणारी एकच वस्तू होती, ती म्हणजे पिसू. पहिला उंदीर मेला. त्याचे प्रेत आणखी एक दिवस तसेच राहू दिले आणि मग काढले. दुसरा चार दिवस मजेत खात-पीत होता. पाचव्या दिवशी तो मलूल झाला, आणि मग मेला. त्याच्या शरीरात प्लेगचे जंतू खच्चून भरलेले होते.

सिमाँ एवढ्यावर थांबला नाही, आणि ह्यातच त्याचे शास्त्रज्ञपण आहे. पिसवा काढून टाकलेला आजारी उंदीर निरोगी उंदरांबरोबर ठेवला तर काय होते, तेही त्याने पाहिले. निरोगी उंदीर निरोगीच राहिले. पहिल्या प्रयोगाने ‘पिसू असेल तर रोग होतो’ हे दाखविले. दुसऱ्याने ‘पिसू नसेल तर होत नाही’ हे. ह्या दुसऱ्या वाक्यावाचून पहिल्याला किंमत नाही. ज्या प्रयोगातून ‘नाही’ असे उत्तर येऊच शकत नाही, त्याच्या ‘हो’ला कोण विचारतो?

त्याच वर्षी पाश्चर संस्थेच्या नियतकालिकात सिमाँचा निबंध प्रसिद्ध झाला. फॉर्मोसात ओगाटा ह्या जपानी शास्त्रज्ञाने आदल्याच वर्षी, मेलेल्या उंदरांवरील पिसवा चिरडून उंदरांना टोचल्यास त्यांना प्लेग होतो, असे दाखवून पिसवेकडेच बोट केले होते. दोन माणसे दोन वाटांनी एकाच दाराशी आली होती.

४

दार मात्र उघडले नाही. फ्रेझर ह्यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या हिंदी प्लेग कमिशनने गावोगाव हिंडून साक्षी घेतल्या आणि रक्त शोषणाऱ्या किड्यांचा प्लेगच्या प्रसाराशी विचारात घेण्याजोगा संबंध नाही असा निर्णय दिला. युरोपातील अनेक नामांकित शास्त्रज्ञांनीही मान हलविली. काहींनी पिसवांचे प्रयोग करून पाहिले आणि ते फसले. उंदराची पिसू माणसाला चावतच नाही, असाही एक खणखणीत आक्षेप निघाला.

हे वाचताना माझा प्रथम संताप झाला. खरे उत्तर छापून पडलेले असताना लोकांच्या घरांची होळी चालूच राहावी! पण थोडे थांबून विचार केला, तेव्हा आक्षेप घेणारे सगळे एका माळेचे मणी नाहीत असे दिसले. सिमाँचे प्रयोग मूठभर होते. एका हॉटेलात, एका माणसाने, काही उंदरांवर केलेल्या प्रयोगावर कोट्यवधी लोकांच्या देशाचे आरोग्यखाते चालवावे काय? शंका घेणे योग्यच होते. ज्यांनी पिसवांना उंदीर चाववून पाहिले आणि जमले नाही म्हणून सांगितले, त्यांनी ज्ञानाची सेवाच केली. त्यांच्या अपयशातून एक महत्त्वाची गोष्ट पुढे निघाली : युरोपातल्या उंदरांवर ज्या पिसवा असत, त्या हिंदुस्थानातल्या उंदरांवरील पिसवांहून निराळ्या जातीच्या होत्या आणि माणसाला चावण्यास नाखूश होत्या. प्रयोग खोटा नव्हता आणि आक्षेपही खोटा नव्हता. दोघे दोन निराळ्या प्राण्यांविषयी बोलत होते. मार्सेय बंदरात गोतिए आणि रेबो ह्या दोघांनी १९०२ च्या सुमारास सिमाँचा प्रयोग पुन्हा केला आणि तो जमला.

कमिशनची गोष्ट वेगळी. त्याने शंका घेतली आणि तिलाच निकाल समजून फायलीवर सही केली. शंका घेणे आणि शंका तपासणे ह्यांत फार अंतर आहे. पहिलीला खुर्ची पुरते. दुसरीला उंदीर, पिसवा, जाळी, बरणी आणि महिनोन्‌महिने लागतात.

५

ती तपासणी अखेर मुंबईतच झाली. हाफकिनसाहेबांची प्रयोगशाळा १८९९ पासून परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसात होती. तीच आजची हाफकिन इन्स्टिट्यूट. तेथे ग्लेन लिस्टन हा डॉक्टर काम करी. मुंबईतील प्राणिसंग्रहालयात गिनीपिग प्लेगने मेले, तेव्हा त्याने त्यांच्या अंगावरील पिसवा तपासल्या. त्या उंदरांच्या निघाल्या. उंदीर मरून गेलेल्या एका चाळीत माणसांच्या अंगावरून त्याने पिसवा पकडवल्या. एरवी माणसावर क्वचितच सापडणाऱ्या उंदराच्या पिसवा तेथे जवळजवळ निम्म्या होत्या. अन्नदाता मेला की पिसू नवे घर शोधते, आणि ते घर माणसाचे असते.

१९०५ साली लंडनची रॉयल सोसायटी, लिस्टर संस्था आणि इंडिया ऑफिस ह्यांनी मिळून नवे संशोधन-मंडळ नेमले. लिस्टन, लॅम्ब, पेट्री, रोलंड, वरून देखरेखीला मार्टिन, आणि बरोबर हिंदी डॉक्टर साहाय्यक. ह्या मंडळाने साक्षी घेतल्या नाहीत. त्याने परळला सहा झोपड्या बांधल्या.

सहाही झोपड्या सारख्या. फरक होता छपरांचा. दोघींवर देशी कौले, ज्यांत उंदीर सुखाने घर करतात. दोघींवर मंगळुरी कौले, ज्यांत त्यांना तितका वाव नाही. दोघींवर पन्हाळी पत्रा, जेथे उंदराला थाराच नाही. प्रत्येक छपराखाली तारेची जाळी, म्हणजे उंदीर खाली उतरू शकणार नाही, त्याच्या अंगावरची पिसू मात्र पडू शकेल. आत गिनीपिग सोडले. काही निरोगी, काहींना प्लेग टोचलेला. कौलारू झोपड्यांत रोग पसरला. पत्र्याच्या झोपड्यांत निरोगी आणि रोगी प्राणी एकत्र राहिले, एकत्र खाल्ले, एकमेकांच्या घाणीत लोळले, रोगी आयांचे दूध पिलांनी प्यायले. रोग पसरला नाही. मग त्याच पत्र्याच्या झोपडीत पिसवा सोडल्या आणि रोग सुरू झाला. आपल्या घरांचे छप्पर हासुद्धा शास्त्राचा प्रश्न होऊ शकतो, हे त्या झोपड्यांनी दाखविले.

राहता राहिली हवा. रोग हवेतून येत असेल तर? दूषित झोपडीत एक पिंजरा जमिनीपासून दोन इंचांवर टांगला आणि एक दोन फुटांवर. हवा दोघांना एकच. खालचे प्राणी रोगाला बळी पडले, वरचे वाचले. कारण ह्या पिसूची उडी काही इंचांच्या वर जात नाही. माकडांचे दोन पिंजरे ठेवले. एकाभोवती चिकट कागदाचा सहा इंची पट्टा, दुसऱ्याभोवती वाळूचा. वाळूने पिसवा अडल्या नाहीत आणि त्या पिंजऱ्यात प्लेग शिरला. चिकट पट्ट्याआडचे माकड सुरक्षित राहिले आणि कागदावर पिसवा चिकटलेल्या सापडल्या.

आणि अनवाणी पायांची ती सुबक कथा? तिलाही रीतसर विचारण्यात आले. शेणाने सारवलेल्या जमिनीवर प्लेगचे जंतू ओतले आणि प्राणी सोडले. ४८ तासांनंतर ती जमीन बाधेनाशी झाली. चुन्याची जमीन तर २४ तासांतच. घर मात्र त्यानंतरही कितीतरी दिवस बाधत असे. म्हणजे जंतू जमिनीत टिकत नव्हता. तो जमिनीवरच्या पिसवेत टिकत होता. ज्या सारवणाला दहा वर्षे शिव्या मिळाल्या, ते ह्या आरोपातून निर्दोष सुटले.

माणसांना प्रयोगाकरिता प्लेग टोचता येत नाही, आणि येऊ नये. म्हणून शेवटचा पुरावा गणनेतून आला. मुंबईतून वर्षभरात लाखाहून अधिक उंदीर गोळा करून, कोणता कोठे सापडला ह्याची नोंद ठेवून, चिरून पाहण्यात आले. आधी गटारांतले तपकिरी उंदीर मरत. सुमारे दहा दिवसांनी घरांतले काळे. आणि पुढे दहा-पंधरा दिवसांनी त्या भागातली माणसे. नकाशावर ठिपके देत गेले तसा रोगाचा रस्ता डोळ्यांना दिसू लागला. १९०६ पासून हे सारे ‘जर्नल ऑफ हायजीन’मध्ये छापले गेले, फसलेल्या प्रयोगांसकट. कोणालाही ते ताडून पाहता यावे, पुन्हा करून पाहता यावे, हाच त्यामागचा हेतू. सिमाँने बरणीत पाहिले ते खरेच होते. पण एका माणसाने पाहिलेले खरे आणि सर्वांना विसंबता येईल असे खरे, ह्यांच्यामध्ये ह्या सहा झोपड्या उभ्या आहेत.

६

एवढे झाले तरी ओळ पुरी झाली नव्हती. पिसूच्या पोटातला जंतू दंशातून माणसात जातो कसा? हे १९१४ मध्ये लंडनला मार्टिन आणि बॅको ह्यांनी उलगडले. जंतू वाढून पिसूच्या अन्ननलिकेत बोळा बसतो. पिसू उपाशी राहते, पुन्हा पुन्हा चावते, आणि ओढलेले रक्त जंतूंसह परत माणसातच ओकते. बॅको हा मूळचा कारकून. फावल्या वेळात किडे पाळणारा. विद्यापीठाची पायरी न चढलेल्या त्या माणसाविषयी मला विशेष आपुलकी वाटते, हे सुज्ञ वाचकाने समजून घ्यावे. १९२२ साली कैरोत टायफसचा अभ्यास करताना त्याच रोगाने तो गेला.

पुढे कोलंबोच्या हर्स्टने दाखविले की ‘उंदराची पिसू’ ही एक जात नव्हेच. मुंबईकडे अधिक घातक जात, तर मद्रास-कोलंबोकडे बहुधा तिची मंद बहीण, आणि म्हणून तेथे प्लेगचा जोर कमी. फुप्फुसाचा प्लेग तर पिसूवाचून खोकल्यातूनही पसरतो. १९९४ साली आपल्या बीड जिल्ह्यातील मामला गावात गाठीच्या प्लेगचा संशय आला आणि पाठोपाठ सुरत हादरले. तो प्लेग होता की नव्हता ह्यावर बराच वाद झाला. पुढे जनुकीय तपासणीने जंतू प्लेगचाच ठरविला. आणि २०१८ साली काही संशोधकांनी युरोपातील जुन्या साथींचे मृत्यूचे आकडे गणिताने तपासून असे मांडले की तेथे रोग माणसाच्याच अंगावरील पिसवा आणि उवा ह्यांनी नेला असावा. नऊ साथींपैकी सात साथींशी त्यांचे हे गणित अधिक जुळले. तो वाद संपलेला नाही. मुंबईच्या उंदरांना त्यामुळे धक्का बसत नाही. परंतु मुंबईत जे ठरले ते साऱ्या जगाला आणि साऱ्या काळाला लावण्यापूर्वी पुन्हा विचारले पाहिजे, एवढे त्यातून समजते.

हिंदुस्थानात ह्या साथीने एकूण एक कोटीहून अधिक बळी घेतले. त्यांतले कितीजण सिमाँचे म्हणणे वेळीच तपासले गेले असते तर वाचले असते, ह्याचा हिशेब कोणालाच मांडता येणार नाही. पण दोष शंकेला देऊ नये. शंकेनेच शेवटी त्या झोपड्या बांधल्या. दोष द्यावा तो न तपासलेल्या खात्रीला, मग ती ‘जमिनीतूनच येतो’ म्हणणाऱ्या अधिकाऱ्याची असो की ‘पिसूचा काही संबंध नाही’ म्हणणाऱ्या कमिशनची.

दिवाळीच्या पाडव्याला व्यापारी जुनी वही मिटतो आणि नवी उघडतो. पण नव्या वहीच्या पहिल्या पानावर मागील बाकी ओढतोच. जमा तशी नावेही. शास्त्राची वही अशीच चालते. तीत आजवर सिद्ध झालेले लिहिलेले असते, आणि त्याच शाईने अजून देणे असलेले प्रश्नही. ज्या वहीत नुसती जमाच दिसते, ती वही तपासावयास घ्यावी.